खोट्या फेरारीची खरी गोष्ट

  ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क दर दोन स्टेशनांनी गायब होतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे राहून गेलं, तेही इथे दोन-चार ठिकाणी भरून काढलंय.

मी दिवसा बॅकएंडचा कोड लिहितो आणि रात्री जुन्या गाड्यांच्या लिलावाचे कॅटलॉग वाचत बसतो. विकत घेण्याचा प्रश्नच नाही, नुसतं वाचायचं. त्या कॅटलॉगमधल्या एका नोंदीवर मी बराच काळ अडकलो होतो. गाडी फेरारीसारखी दिसते, पण फेरारी नाही. बॉडी फायबरची, इंजिन फोर्डचं. सगळ्यांना माहीत आहे की ती नक्कल आहे. तरीही लोक तिच्यासाठी लाखो डॉलर मोजतात, आणि ती बिघडली तर जीव लावून दुरुस्त करतात. का? नकलेचं रिस्टोरेशन करण्यात काय अर्थ आहे? आजचा भाग या प्रश्नावर.

आधी मूळ गाडी

१९५० च्या दशकाच्या शेवटी फेरारीच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना कॅलिफोर्नियाच्या उन्हात विकता येईल अशी उघडी, वेगवान गाडी हवी होती. त्यातून १९५७ च्या शेवटी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर आली. या '२५०' चा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो. इंजिन व्ही-१२, म्हणजे १२ सिलिंडरचं, एकूण २,९५३ सीसी. भागा १२ ने. एका सिलिंडरला जवळपास २४६ सीसी येतात, त्याचं गोळाबेरीज नाव २५०.

डिझाइन पिनिनफारिनाचं आणि बॉडी बांधली मोडेनाच्या स्काल्येत्तीने. पत्रा हाताने ठोकून आकार द्यायचा काळ तो, त्यामुळे दोन गाड्या अगदी तंतोतंत सारख्या निघणं कठीणच. आधी लांब व्हीलबेसची गाडी निघाली, २,६०० मिलिमीटरची. मग १९६० पासून आखूड, २,४०० मिलिमीटरची. १९६३ पर्यंत दोन्ही मिळून साधारण शंभरच गाड्या बनल्या. हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड या आकड्यामुळे आहे.

दिग्दर्शकाचा फोन

आता १९८५ मध्ये या. जॉन ह्यूज नावाचा दिग्दर्शक 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' हा सिनेमा करत होता. गोष्ट साधी आहे: शाळेला दांडी मारणारी तीन मुलं, त्यातल्या कॅमेरॉनच्या वडिलांची जिवापाड जपलेली फेरारी, आणि शिकागो शहरात एक दिवसाची भटकंती. वडिलांचं गाडीवर जेवढं प्रेम आहे तेवढं मुलावर नाही, हे त्यातलं खरं दुखणं. शेवटी गाडीची वाट लागायलाच हवी होती.

पण शंभरातली एक गाडी स्टंटसाठी कोण देणार? तेव्हाही तिच्या किमती सिनेमाच्या बजेटला झेपणाऱ्या नव्हत्या.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोजवळच्या एल कहोन गावात नील ग्लासमॉयर आणि मार्क गोयेट हे दोघं 'मोडेना डिझाइन' नावाने एक छोटा उद्योग चालवत होते. ते 'मोडेना स्पायडर' ही गाडी बनवायचे. खाली लोखंडी नळ्यांची चॅसी, वर फायबरची बॉडी, पुढे फोर्डचं व्ही-८. लांबून बघितलं तर कॅलिफोर्निया स्पायडर.

ग्लासमॉयर यांनी पुढे सांगितलेला किस्सा मजेशीर आहे. ह्यूजचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी तो चक्क कट केला, कारण त्यांना वाटलं कुणीतरी मित्र फिरकी घेतोय. ह्यूजने परत फोन केला. मग दोघं गाडी घेऊन त्याच्या ऑफिसला गेले. बाहेर थांबले असताना एक गबाळा माणूस आला आणि गाडीभोवती फिरून बघू लागला. यांना वाटलं, साफसफाई करणारा असेल. त्या माणसाने वर खिडकीकडे बघून हाक मारली, की हीच गाडी! तो स्वतः ह्यूज होता. स्पर्धेत दुसरी गाडी होती पोर्शे टर्बो. निवड मोडेनाची झाली.

तीन गाड्या, तीन नशिबं

सिनेमासाठी तीन गाड्यांची सोय झाली. त्यांचं पुढे काय झालं, हे गोयेट यांनी नंतर सांगितलं आहे, आणि आपल्या विषयाचा गाभा तिथेच आहे.

पहिली गाडी त्यांनी पूर्ण बांधून भाड्याने दिली. पडद्यावर दिसते ती बहुतेक वेळा हीच. कॅमेऱ्यावरून उडी मारते तीही हीच. शूटिंग संपल्यावर ती परत आली तेव्हा सायलेन्सरचा पाइप चेपलेला होता आणि बॉडीला जागोजागी तडे गेले होते. गोयेट यांनी ती पुन्हा उभी केली आणि कॅलिफोर्नियातल्या एका तरुण जोडप्याला विकली. त्यातल्या नवऱ्याने ती रस्त्याबाहेर घातली, पुढचा भाग गेला. गोयेट यांनी तोही पुन्हा बांधून दिला. १९९० च्या दशकाच्या मध्याला गाडी विकली गेली आणि मग बराच काळ तिचा पत्ताच नव्हता.

दुसरी गाडी सुट्या भागांच्या किटच्या रूपात स्टुडिओला विकली होती. स्टुडिओच्या लोकांनी ती इतकी वाईट जोडली, की ती एकाच कामाची उरली. सिनेमात मुलं ओडोमीटरचे आकडे कमी करण्यासाठी गाडी जॅकवर चढवून मागच्या गिअरमध्ये चालवतात. आकडे काही कमी होत नाहीत. कॅमेरॉन चिडून लाथा मारतो, जॅक सुटतो आणि गाडी उलटी धावत काचेच्या भिंतीतून खाली दरीत जाते. ती काचेची इमारत इलिनॉयमधल्या हायलँड पार्कचं 'बेन रोज हाउस'. आणि दरीत गेली ती ही दुसरी गाडी. तिचे अवशेष पुढे मिनियापोलिसच्या एका सिनेमा-थीमच्या रेस्टॉरंटमध्ये गेले, आणि तिथून मेक्सिकोतल्या कॅनकूनला, असं म्हटलं जातं.

तिसरं किटही स्टंटसाठी घेतलेलं. शूटिंगपर्यंत ते पूर्ण झालंच नाही.

थोडं थांबा आणि विचार करा. मूळ फेरारींचा हिशेब असतो. चॅसी नंबरनुसार मालकांची साखळी लिहिलेली असते, कोणती शर्यत, कोणतं साल, कोणता रंग, सगळं. फेरारी कंपनीचाच एक विभाग २००६ पासून जुन्या गाड्यांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र देतो. आणि या तिघी? ज्यांना जगभरच्या करोडो लोकांनी पडद्यावर पाहिलं, त्यांचा हिशेब एका कारागिराच्या आठवणीत. बस्स.

मग कोर्ट

या काळात फेरारी कंपनी गप्प बसली नव्हती. टीव्हीवर 'मायामी व्हाइस' मालिका गाजत होती. त्यातल्या नायकाची काळी फेरारी डेटोना स्पायडरही खोटी होती, शेवरले कॉर्व्हेटच्या चॅसीवर टॉम मॅकबर्नी यांनी बसवलेली बॉडी. १९८६ मध्ये मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला ती गाडी क्षेपणास्त्राने उडवण्यात आली, आणि नायकाला मिळाली फेरारी कंपनीने दिलेली खरी टेस्टारोसा. मॅकबर्नींविरुद्ध कंपनी कोर्टातही गेली.

कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा खटला मात्र 'फेरारी विरुद्ध रॉबर्ट्स'. निकाल १९९१ चा, अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाचा. रॉबर्ट्स डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसासारखी दिसणारी किटं बनवत होते. डेटोना स्पायडरसारखं किट साधारण ८,५०० डॉलरला, तयार गाडी ५०,००० ला. खऱ्या टेस्टारोसासाठी तेव्हा २,३०,००० डॉलरपर्यंत मोजावे लागायचे.

रॉबर्ट्स यांचं म्हणणं होतं, 'माझ्या गिऱ्हाइकाला मी स्पष्ट सांगतो की ही नक्कल आहे. फसवणूक कुणाची झाली?' वरवर बघता मुद्दा बरोबर वाटतो ना? पण कोर्ट म्हणालं, विकत घेणाऱ्याला माहीत असेल. रस्त्यावरून बघणाऱ्याला नाही. तो फायबरची गाडी बघून फेरारीबद्दल मत बनवणार. शिवाय मूळ वस्तूची दुर्मिळताच तिची किंमत असते, आणि दर चौकात तसा आकार दिसू लागला की ती संपते. फेरारी जिंकली. एका न्यायाधीशांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

मला यात दोन्ही बाजू पटतात. स्काल्येत्तीच्या कारागिरांनी हाताने घडवलेला आकार कुणीही साच्यातून काढून विकावा, हे बरोबर नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांनाही लायसन्स न वाचता कॉपी मारणारे आवडत नाहीत. पण या निकालांनंतर असे छोटे उद्योग बंद पडले किंवा दुसऱ्या कामाला लागले, आणि त्यांच्याबरोबर साचे, नोंदी आणि ओळखीचे हातही पांगले. आधी विकलेल्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. त्यांना आता माहेर उरलं नाही.

शेडमधली खरी फेरारी

इथे एक उलटं उदाहरण सांगतो, म्हणजे फरक नीट कळेल.

फ्रान्समध्ये रोजे बायाँ नावाचे एक वाहतूक व्यावसायिक होते. १९५० च्या दशकापासून ते संग्रहालयासाठी जुन्या गाड्या जमवत होते. १९७० च्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या शेतातल्या शेडांखाली तशाच पडून राहिल्या. २०१४ मध्ये 'आर्टक्यूरियाल' या लिलाव संस्थेचे दोन तज्ज्ञ तिथे पोहोचले. साठेक गाड्या, काहींवर वेली चढलेल्या. आणि एका बंद जागेत, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली, २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. आखूड व्हीलबेसची, खरी. कधीकाळी अभिनेता अलाँ देलाँ याची.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला. फी धरून किंमत आली सुमारे १ कोटी ६३ लाख युरो. ती गाडी स्टेजवर कशी आणली माहितीये? धुळीसकट. धूळ पुसली असती तर किंमत घसरली असती असं जाणकार म्हणत होते. कारण खऱ्या गाडीवरची धूळ म्हणजे पुरावा, की इतकी वर्षं कुणी हात लावलेला नाही.

आता हीच धूळ एखाद्या मोडेना स्पायडरवर असती तर? एका अनोळखी गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली, चाकं बसलेली. बघणारा बॉनेट उघडणार, फोर्डचं इंजिन दिसणार, 'अरे, डुप्लिकेट आहे' म्हणून बॉनेट परत लावणार. खऱ्या गाडीकडे दुर्लक्ष झालं तरी ती वाचते, कारण तिचं नाव तिला वाचवतं. नकलेच्या बाबतीत दुर्लक्ष म्हणजे थेट भंगार. माझ्या मते या विषयात खरं पणाला लागलेलं असतं ते हेच.

नक्कल दुरुस्त करणं सोपं नसतं

अनेकांना वाटतं, फायबरची बॉडी आहे, गंज लागत नाही, रंग मारला की झालं. तसं नाही.

पहिलं म्हणजे चॅसी. चौकोनी लोखंडी नळ्या बाहेरून रंगवलेल्या असतात, पण आत ओल शिरते आणि त्या आतून गंजतात. वरून ठणठणीत दिसणारी नळी हातोडीने हलकं ठोकलं की बद्द आवाज देते. तिथे कापून नवीन जोड द्यावा लागतो, तोही गाडीचं माप एक मिलिमीटर न हलवता.

दुसरं, बॉडीचे तडे. फायबरच्या वरच्या चकचकीत थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. नुसती पुट्टी भरली तर सहा महिन्यांत भेग परत वर येते. बरोबर पद्धत म्हणजे घासत घासत चांगल्या थरापर्यंत जायचं, कडा उतरत्या करायच्या, मग काचतंतूंची चटई आणि रेझिन लावून थर परत उभारायचे. आणि त्याही आधी शोधायचं, की तडा तिथेच का गेला. खालची चॅसी पिळते आहे का? दाराचा सगळा भार एकाच बोल्टवर आहे का? कारण तसंच राहिलं तर दुरुस्ती टिकत नाही. ज्याने कधी बग फिक्स केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरं माझं आवडतं, वायरिंग. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच वीज वाहते. त्यामुळे दिव्याला एक वायर पुरते, परतीचा रस्ता बॉडीतून. फायबर वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक हॉर्नला, प्रत्येक काट्याला परतीची स्वतंत्र वायर लागते. जुन्या किट गाडीत ब्रेक लावला की इंडिकेटर मंद पेटतो, असले भुताटकीचे प्रकार बहुधा खराब अर्थिंगमुळे होतात. आणि वायरिंगचा नकाशा? तो कुठेच नसतो. १९८५ मध्ये ज्याच्या हातात जो रंग होता, ती वायर त्याने लावलेली असते.

चौथं, सुटे भाग. खऱ्या फेरारीचा भाग महाग असेल, पण त्याचा नंबर ठाऊक असतो. किट गाडीत ब्रेक एका कंपनीचे, स्टीअरिंग दुसऱ्या गाडीचं, काच तिसरीच. कुठलं काय, हे बनवणाऱ्यालाच माहीत.

म्हणून पहिल्या मोडेना गाडीची पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती पुन्हा सापडली, आणि तिचं रिस्टोरेशन केलं ते तिच्या मूळ बनवणाऱ्यांनी, मोडेना डिझाइननेच. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात ती लोकांसमोर आली. ज्या हातांनी ती घडवली, त्याच हातांनी ती पुन्हा उघडली. डॉक्युमेंटेशन नसलेला प्रोजेक्ट मूळ डेव्हलपरच्याच टेबलावर परत यावा, तसं हे नशीब. दर गाडीला ते मिळत नाही.

कोणत्या दिवसापर्यंत मागे जायचं?

रिस्टोरेशन करणाऱ्यापुढे सगळ्यात अवघड प्रश्न पान्याचा नसतो. गाडी कोणत्या दिवसापर्यंत मागे न्यायची, हा असतो. खऱ्या फेरारीच्या बाबतीत उत्तर ठरलेलं: कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत.

मोडेनाचं काय? वर्कशॉपमधून निघाली तो दिवस धरला, तर ती फक्त एक चांगली नक्कल. शूटिंग सुरू असतानाचा दिवस धरला, तर ती सिनेमाच्या इतिहासातली एकमेव वस्तू. म्हणजे 'फेरारीची नक्कल' म्हणून तिचं मोल बेताचं, आणि 'त्या सिनेमातली गाडी' म्हणून ती स्वतःच अस्सल. तिची नक्कल करणारेसुद्धा आता आहेत!

आकडेही तेच सांगतात. त्या सिनेमाशी जोडलेली एक प्रतिकृती एप्रिल २०१० मध्ये लंडनमधल्या हेंडनला ७९,६०० पौंडांना गेली. जानेवारी २०२० मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात सिनेमातल्या गाडीला ३,९६,००० डॉलर मिळाले. बॉडी फायबरचीच आहे, इंजिनही इटलीचं झालेलं नाही. वाढलं ते तिच्या आयुष्याचं मोल. हो, एक अट मात्र आहे. ती नक्कल आहे हे तिच्या कागदांवर स्पष्ट हवं. कुणी तिच्यावर फेरारीचा चॅसी नंबर ठोकला, की त्या क्षणी ती बनावट झाली. प्रतिकृती आणि बनावट यांत फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणाचा आहे.

कायदा कुठे पोहोचलाय

अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती-गाड्या बनवायची वाट मोकळी केली. अट अशी, की मूळ मॉडेल किमान २५ वर्षं जुनं हवं आणि आकाराचे हक्क ज्याचे त्याची परवानगी हवी. प्रत्यक्ष नियम यायला मात्र काही वर्षं लागली. गंमत म्हणजे आता मूळ कंपन्याही हेच करतात. १९५७ मध्ये जग्वारच्या कारखान्याला लागलेल्या आगीत नऊ एक्सकेएसएस गाड्या जळाल्या होत्या. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की त्या नऊ आम्ही आता बनवतो. साठ वर्षांनी बनलेली गाडी मूळ की नक्कल? कॉमेंटमध्ये भांडा.

आपल्याकडे काय, हे श्रोते विचारतातच. जुलै २०२१ पासून भारतात व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये. पण व्याख्येत गाडी मूळ रूपात हवी; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. म्हणजे जुन्या चॅसीवर फेरारीसारखी बॉडी चढवून 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायचा विचार असेल, तर तो इथेच सोडा.

जाता जाता

तुमच्यातल्या फार थोड्यांना कधी शेडमध्ये फेरारी सापडेल, खरी किंवा खोटी. पण काकांच्या गॅरेजमध्ये कुणीतरी हौसेने बांधलेली जीप, घरीच बदल केलेली मोटरसायकल, लोकल वर्कशॉपमध्ये बनलेली एखादी फायबर बॉडीची गाडी, हे सापडू शकतं. तेव्हा तीन गोष्टी करा. एक, काहीही खोलायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. फोन खिशातच आहे. दोन, वायर आणि बोल्ट सोडवताना चिठ्ठ्या बांधा. तीन, आणि हे सगळ्यात आधी: ज्याने ती बांधली त्या माणसाला शोधा, त्याच्यासमोर चहा ठेवा आणि रेकॉर्डर चालू करा. मोठ्या कंपनीच्या गाडीची माहिती दहा वर्षांनीही मिळेल. या गाडीची माहिती एकाच डोक्यात आहे, आणि ते डोकं कायम हाताशी राहणार नाही.

आजचा भाग इथे थांबवतो. असं काही तुमच्या घरात असेल तर फोटोसकट लिहून पाठवा, चांगल्या गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि ताडपत्रीखाली काय आहे ते एकदा उचलून बघा.